न मोजलेला उन्हाळा

इर्या कोस्केलाचं नाव आयुष्यात एकदाच एका शोधनिबंधावर छापून आलं, आणि तेही निरोपाची भेट म्हणून.

बत्तीस उन्हाळे ती तळ्याकाठच्या संशोधन केंद्रात पाणपिसवा, म्हणजे शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवणारे ठिपक्याएवढे जीव, मोजत होती. मे महिन्यात बर्फ वितळलं की दर सोमवारी नाव तळ्याच्या मध्यावर जायची, पाणी बारीक जाळीतून गाळून जाळीत उरलेलं टिकाऊ द्रावणासह बाटलीत भरलं जायचं, बाटलीच्या गळ्याला टेप लागायची, आणि मंगळवारपासून इर्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. मोठ्या पाणपिसवा डाव्या हातातल्या मोजणीच्या खटक्यावर, लहान उजव्या हातातल्या. बाटली मोजून झाली की झाकणावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा, ही तिची स्वतःची पद्धत. दर वसंतात ती गावच्या दुकानातून नेलपॉलिशची नवी बाटली घ्यायची. आयुष्यात कधी नख न रंगवलेल्या बाईला एवढं नेलपॉलिश लागतं कशाला, याचं दुकानदारणीला कोडं पडलेलं होतं, आणि इर्याने ते कधी सोडवलं नाही. त्या गावात माणसं एकमेकांना फारसं काही सांगत नाहीत.

केंद्राचे प्रमुख होते प्राध्यापक तौनो हक्कारायनेन. इर्याच्या आकड्यांवर त्यांचे अकरा निबंध निघाले. अकराही निबंधांच्या शेवटी, जिथे कुणाचं लक्ष जात नाही अशा ठिकाणी, एक ओळ असायची : मोजणीसाठी इ. कोस्केला यांचे आभार. इर्याला त्याचं वाईट वाटायचं नाही, किंवा वाटत असलं तरी तिने ते कॉफीच्या टेबलावर कधी मांडलं नाही.

मग ती निवृत्त झाली. केक कापला गेला आणि तौनोने तिच्या हातात एक चौकट ठेवली. आत एका जर्नलमध्ये छापून आलेल्या बाराव्या निबंधाचं पहिलं पान, बत्तीस वर्षांचा तळ्याचा अभ्यास. वर तीन नावं : तौनो, इर्या आणि आलेख काढणारी तरुण संशोधक एरिका. इर्याचं नाव मधोमध. तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. संमतीच्या फॉर्मवर तिच्या वतीने तौनोनेच टिचकी मारून टाकली होती, गंमत बिघडू नये म्हणून. इर्या रडली. बाकीचे रीतीप्रमाणे आपापल्या कपात बघत राहिले.

चौकट तिने सोफ्यावरच्या भिंतीला टांगली. निबंध वाचला मात्र नाही. इंग्रजी तिला जड जायचं, आणि भिंतीवर टांगलेली वस्तू वाचायची असते हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चूक म्हणायची तर तिची एवढीच, पण ती लहान नव्हती.

तीन वर्षांनी, एप्रिलात, जर्नलच्या संपादकांचं पत्र आलं. बाई डेन्मार्कच्या होत्या आणि सभ्यपणे लिहीत होत्या. एका वाचकाने कळवलं आहे, की निबंधातले २००३ सालच्या अठरा आठवड्यांचे आकडे आणि १९९७ सालचे आकडे, दोन ठिकाणं सोडली तर, तंतोतंत एकच आहेत. निबंधाच्या शेवटी ‘सर्व मोजणी : इ. के.’ असं नमूद आहे. तरी तिन्ही लेखकांनी स्वतंत्रपणे खुलासा करावा.

इर्याने शब्दकोश घेऊन पत्र दोनदा वाचलं. २००३चा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात तिने एकही पाणपिसू मोजली नव्हती. मे महिन्यात, तळ्यावरचं बर्फ वितळायच्या आधीच, तिच्या नवऱ्याच्या, पेंट्टीच्या, स्वादुपिंडात गाठ निघाली आणि सप्टेंबरात तो गेला. मधले सगळे दिवस ती त्याच्या उशाशी बसून होती. तौनो एकदाच घरी आला होता. दारातच उभं राहून म्हणाला होता, “बाटल्यांची काळजी करू नकोस. मी बघतो.” त्या एका वाक्यासाठी इर्या एकोणीस वर्षं त्याचे उपकार मानत होती. तिला वाटलं होतं, त्याने मोजल्या.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या तळघरात गेली. २००३ची पेटी मागच्या भिंतीशी होती. अठरा बाटल्या, प्रत्येकीवर तारीख. गळ्याची टेप शाबूत, झाकणावर ठिपका नाही. तौनोने ठिपके देण्याचं कारण नव्हतं, पण टेप न फाडता बाटली मोजता येत नाही. अठरापैकी एकही बाटली कुणी उघडलेली नव्हती.

त्यातली एक पिशवीत घालून ती तौनोच्या तळ्याकाठच्या लाकडी झोपडीवर गेली. तौनो लाकडं फोडत होता. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या, कुऱ्हाडीला हात लावायचा नाही असं बजावलेलं.

“डॉक्टरला फोन करू का?” इर्या म्हणाली.

“कर की. पण तो माझ्याआधी जाणार बघ. सिगारेटी ओढतो.”

इर्याने बाटली ओंडक्यावर ठेवली. तौनोने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ बघितलं.

“टेप तशीच आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“पत्र तुलाही आलं तर.”

“हो.”

तो ओंडक्याशेजारी बसला. “मी बसलो होतो गं, इर्या. दोन दिवस बसलो. आधी तुझी एक जुनी मोजलेली बाटली घेतली, हात बसवायला. वहीत तुझा आकडा दोनशे बारा. मी तीनदा मोजलं. एकदा एकशे चाळीस, एकदा तीनशे पाच, एकदा एकशे नव्वद. वीस वर्षं त्या नळीत डोळा घातला नव्हता मी. मोठी कुठली, लहान कुठली, पिल्लू कुठलं, काही समजेना. प्राध्यापक म्हणे!”

“मग दुसऱ्या कुणाला बसवायचंस.”

“आणि वर काय सांगायचं? तू नाहीस म्हणून? ते तुझी जागा कापायला टपलेलेच होते. बाई चार महिने नाही आणि काही अडत नाही, एवढंच हवं होतं त्यांना. मी सांगितलं, ती घरून मोजतेय.” तो थांबला. “सत्त्याण्णवचा उन्हाळाही असाच तापलेला होता. तेच आकडे उतरवले. तुझेच होते, मला वाटलं, तुझेच तुला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार? पेंट्टीला पुरून आलेल्या बाईला?”

इर्या चिडायलाच आली होती, पण आता ते तिच्या जिवावर आलं. मोजणीत थापा मारणाऱ्या माणसाला तिने एरवी दारात उभं केलं नसतं. इथे थाप तिच्यासाठी मारलेली होती, आणि त्या थापेच्या पगारावर तिने पुढची सोळा वर्षं काढली होती.

तौनोनेच मार्ग सुचवला. बाटल्या तर आहेत. आता मोज. आकडे साधारण तसेच आले तर जर्नल दुरुस्ती छापतं, निबंध टिकतो, तुझं नाव टिकतं. संध्याकाळी एरिकाचा फोन आला. ती आता दक्षिणेकडच्या दुसऱ्या विद्यापीठात होती.

“इर्या, पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे. मला जे आकडे दिले त्यांचे मी आलेख काढले, बाकी मला काही म्हणजे काही माहीत नाही. तू नीट मोजशील ना?”

“मी अनीट कधी मोजलंय?”

“तसं नाही गं. म्हणजे... जवळपास यायला हवेत.”

“ते पाणपिसवांना सांग,” इर्या म्हणाली आणि फोन ठेवला.

केंद्रातल्या नव्या मुलांनी तिला खिडकीजवळची जागा दिली. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. दिवसाला दोन बाटल्या झाल्या की डोळ्यांतून पाणी यायचं, मग ती दीडची कॉफी घ्यायची आणि घरी जायची. नऊ दिवस लागले. मे-जूनच्या बाटल्या ठीक होत्या. मोठ्या पाणपिसवा भरपूर, सत्त्याण्णवपेक्षा थोड्या जास्तच. तौनोला तिने तसं कळवलंही. तो फोनवर हसला, कितीतरी दिवसांनी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्याची बाटली उघडली तेव्हा तिला वाटलं, नजर दगा देतेय. तिने काच पुसली, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कागदावर आकडा होता दोनशे एकतीस. डावा खटका वाजला फक्त चार वेळा. पुढच्या बाटलीत दोन. त्याच्या पुढच्या बाटलीत मोठी एकही नाही, आणि पाण्याच्या तळाशी बारीक तपकिरी गाळ. सप्टेंबरपर्यंत तेच.

हा गाळ कुठला हे गावात कुणालाही विचारावं. २००३च्या जूनअखेर वरच्या दलदलीत पीट, म्हणजे जळणासाठी वापरतात ती कुजकी माती, खणणाऱ्या कंपनीने चर काढला आणि त्याचं पाणी ओढ्यात सोडलं. ओढा तळ्यात येतो. निबंधात मात्र वेगळंच होतं. २००४च्या मे महिन्यात इर्या कामावर परतली तेव्हा मोठ्या पाणपिसवा दिसेनात, हे तिनेच तौनोला सांगितलं होतं. आदल्या वर्षाचे कागद बघितले तर सगळं व्यवस्थित. मग मधे घडलं काय? तर बर्फ वितळताच गावच्या मासेमारी मंडळाने तळ्यात माशांची पिल्लं सोडली होती. माशांनी पाणपिसवा खाल्ल्या, पाणी गढूळ होत गेलं, तळं बिघडलं. तौनोला हे मनापासून पटलं होतं. आपणच उतरवलेल्या आकड्यांनी त्यालाही फसवलं. कंपनीच्या चराकडे कुणी बघितलं नाही, कारण चर निघाला त्या उन्हाळ्यात तळं कागदावर ठणठणीत होतं.

इर्याला आठवला रेइनो. मासेमारी मंडळाचा अध्यक्ष, शाळेत तिच्या दोन वर्ग पुढे. पिल्लांच्या बादल्या त्याने स्वतः नावेतून ओतल्या होत्या आणि तो फोटो मंडळाच्या भिंतीवर होता. निबंध निघाला, पिल्लं सोडायचा परवाना रद्द झाला, आणि काही दिवसांनी दुकानात ब्रेडच्या फडताळापाशी त्याने इर्याला गाठलं.

“तुमचा कागद वाचला. मुलीने वाचून दाखवला,” तो म्हणाला. “म्हणजे आम्हीच मारलं तळं.”

इर्याने ब्रेड टोपलीत ठेवला.

“एकट्या तौनोचं नाव असतं ना, तर मी भांडलो असतो त्याच्याशी. पण तुझं नाव आहे. तू मोजलंयस म्हणजे ते मोजलेलंच असणार.”

तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला होता. रेइनोने त्या वर्षी नाव विकली. मंडळ मोडलं. तळ्याकडे पाठ करून बसायला लागला, असं त्याची बायको लेम्पी सांगायची. याच वर्षी, सरत्या जानेवारीत तो गेला.

आकडे घेऊन इर्या पुन्हा झोपडीवर गेली. तौनोने कॉफी टाकली होती, पुल्ला, वेलदोड्याचा गोड पाव, कापून ठेवला होता. जूनच्या बातमीने त्याची भूक परत आलेली दिसत होती.

“जुलैचा दुसरा आठवडा?” त्याने विचारलं.

“चार.”

“लिटरला चार?”

“अख्ख्या बाटलीत चार.”

त्याने कागद हातात घेतला, एकेक ओळ बोटाने खाली आला. मूर्ख नव्हता तो. चराची तारीख त्याला इर्याइतकीच ठाऊक होती. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“रेइनो,” तो म्हणाला.

“हो.”

कॉफी तशीच निवली. निघताना इर्या म्हणाली, “मी खरं ते कळवणार आहे. निबंध मागे घ्यायला सांगणार आहे.” तौनोने मान हलवली आणि तिचा कोट काढून दिला.

आठवड्याने संपादकबाईंचं दुसरं पत्र आलं. प्राध्यापक हक्कारायनेन यांनी सर्व जबाबदारी स्वतःवर घेतली आहे. त्यांनी असंही लिहिलं आहे, की इर्या कोस्केला या खऱ्या अर्थाने लेखक नव्हत्याच. निवृत्तीची भेट म्हणून, त्यांना न विचारता, त्यांचं नाव घालण्यात आलं होतं. त्यांनी निबंध वाचलेलाही नव्हता. आपण याला दुजोरा दिल्यास माघारीच्या सूचनेत तसं नमूद करून आपलं नाव लेखकांच्या यादीतून वगळता येईल, आणि आपल्यावर कोणताही ठपका राहणार नाही.

इर्याने शब्दकोश मिटला. पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ती उठली, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, आणि मग तौनोला फोन लावला.

“हे काय लिहिलंस तू?”

“तुला यातून बाहेर काढलं,” तौनो म्हणाला. त्याला धाप लागली होती. “तुझा काय दोष? माझी घाण मी निस्तरतो. तू सही कर आणि मोकळी हो.”

“लेखक नव्हते मी?”

“अगं, तसं लिहावं लागतं. नियम आहे त्यांचा.”

“बत्तीस वर्षं मोजलं मी. त्यातलं एक वर्ष तू. आणि लेखक नव्हते मी?”

“इर्या, मी तुला वाचवतोय.”

“तेव्हाही वाचवलंस,” ती म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, तो चढलाही नाही. “दोनदा वाचवलंस मला, तौनो. दोन्ही वेळा विचारलं नाहीस. एकदा विचारलं असतंस ना, तर मी पेंट्टी झोपला की एकेक बाटली स्वयंपाकघरात बसून मोजली असती. दुपारी तो तीन-तीन तास झोपायचा. मी भिंतीकडे बघत बसायचे. मला काहीतरी मोजायला हवं होतं रे.”

तौनो म्हणाला, “मला हे सुचलं नाही.” ती म्हणाली, “माहीत आहे.” दोघांनी फोन ठेवला. ते त्यांचं शेवटचं बोलणं. भांडण म्हणाल तर झालं नाही, पण त्यानंतर तिने त्याच्या झोपडीची वाट धरली नाही आणि त्यानेही तिच्या दाराची.

संपादकबाईंना तिने चार ओळी लिहिल्या. इंग्रजी बरोबर आहे की नाही हे कुणाला दाखवलं नाही. मोजणी माझी आहे, २००३ सोडून. निबंध मी वाचला नाही, वाचायला हवा होता. वाचला असता तर ते वर्ष मला पहिल्याच पानावर दिसलं असतं. आमच्या गावातल्या एका माणसाने त्या निबंधावर विश्वास ठेवला तो माझ्या नावामुळे. म्हणून माझं नाव काढू नये.

जूनमध्ये सूचना निघाली. एरिकाला नोकरी मिळाली नाही. ती का मिळाली नाही हे कुणी तिला सांगितलं नाही, पण ती इर्यालाच दोष देते, आणि देऊ दे. निबंधाच्या प्रत्येक पानावर आता ‘मागे घेतलेला’ असं तिरकं छापलेलं आहे आणि त्याखालून तीन नावं वाचता येतात. सूचनेच्या छापील प्रतीसाठी इर्या गावच्या वाचनालयात गेली आणि तिथून थेट लेम्पीच्या घरी.

लेम्पी बटाटे सोलत होती. तिने इर्याला बसायला सांगितलं, सुरी खाली ठेवली नाही. इर्याने कागद उलगडला आणि एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेली. २००३ सालची माहिती निबंधात म्हटल्याप्रमाणे गोळा केलेली नव्हती. नमुन्यांची नव्याने मोजणी केली असता निष्कर्ष टिकत नाहीत. लेखक निबंध मागे घेत आहेत. अर्धं पान, संपलं. रेइनोचं नाव त्यात नव्हतं, मासेमारी मंडळाचं नव्हतं, माशांच्या पिल्लांचा शब्दही नव्हता. तसं त्यात कधी असत नाही.

“याचा अर्थ काय?” लेम्पीने विचारलं.

मग इर्याला तो आपल्या तोंडाने सांगावा लागला. चर, जुलै, चार पाणपिसवा. पिल्लं सोडली त्याच्या कितीतरी आधी तळं गेलं होतं.

लेम्पी ऐकत होती. हातातला बटाटा सोलून झाला तरी सुरी त्याच्यावरून फिरत राहिली.

“म्हणजे आमच्या माणसाने काही केलं नव्हतं.”

“नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही, लेम्पी.”

लेम्पीने सुरी ठेवली. ओल्या हातांनी तिने तो कागद घेतला, जे वाचता येत नव्हतं ते वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि इर्याला परत दिला.

“शेवटच्या आठवड्यात ग्लानीत होता,” ती म्हणाली. “सारखा म्हणायचा, पिल्लं बादल्यांत परत भरून आणा. मी म्हणायची, आणते हं. काय करणार, म्हणायची आणते.” तिने बटाटे पातेल्यात टाकले. “आता हे मी कुणाला सांगू?”

इर्या तिथेच बसून राहिली, बटाटे शिजेपर्यंत, आणि लेम्पीने न विचारता दोन ताटं घेतली.